आवाज कुठून येतो ते आधी शोधा

(वसई येथे भरलेल्या जिल्हा प्रतिनिधींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव आहे, आयातीचा प्रश्न आहे, ज्वारीच्या खरेदी केंद्रांचा प्रश्न आहे. या सगळ्यांच्या खाली, शेवटून दुसरा, एक विषय आहे : 'जिल्ह्याच्या गाडीचे काय करायचे?' तो वाचून पुष्कळांनी हसून घेतले. हसायला हरकत नाही, पण गाडी तुमच्या वर्गणीची आहे. कुणी पायलीभर ज्वारी दिली, कुणी कापसाच्या पट्टीतून पन्नास रुपये काढून दिले, तेव्हा ती उभी राहिली. मागच्या बैठकीत मागणी आली की गाडीचा पुढचा भाग सारखा कुरकुरतो, दोनदा खर्च केला तरी आवाज जात नाही, तेव्हा ती भंगारात काढा आणि कर्ज काढून नवी घ्या. त्यावर आम्ही, म्हणजे गाडी चालवणारे आणि तिचा खर्च वहीत लिहिणारे चौघे, तपास करून काय ते सांगणार असे ठरले. तो तपास इथे वसईत पुरा झाला, म्हणून इथेच सांगतो.

गाडी म्हणजे जीप. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप जोडायला घेतली, तेव्हापासून आपल्याकडे उंच चारचाकीला जीपच म्हणतात; मग ती कमांडर असो, मार्शल असो, ट्रॅक्स असो, १९९४ साली आलेली सुमो असो की २००० साली आलेली बोलेरो असो. शहरात या जातीला आता एसयूव्ही म्हणतात आणि काचेआड उभी करून तिला हार घालतात. आपल्याकडे ती अडलेल्या बाळंतिणीला तालुक्याला नेते, बोंडे किडली की नमुने घेऊन कृषी विद्यापीठाला जाते आणि निवडणूक आली की दोन्ही बाजूंच्या लोकांना हवी असते. बाहेर मैदानात पाहा. निरनिराळ्या जिल्ह्यांच्या सात गाड्या उभ्या आहेत, त्यातली एकही दहा वर्षांच्या आतली नाही. तेव्हा आम्ही सांगतो ते एका गाडीपुरते नाही.

इथे येताना आमच्या लक्षात एक गोष्ट आली. समृद्धी महामार्गावर गाडी गप्प होती. अंजूरफाट्याहून चिंचोटीच्या रस्त्याला लागलो, पहिला खड्डा आला आणि पुढून कुईऽऽ कुईऽऽ सुरू झाले. आमच्यातला एकजण म्हणाला, 'रस्ता चांगला असला की रोग कळत नाही.' बरोबर आहे. गुळगुळीत रस्त्यावर चाक वरखाली होतच नाही, मग आवाज करणार कोण? गॅरेजवाला गाडी घेऊन डांबरी रस्त्यावर दोन फर्लांग चक्कर मारून येतो आणि म्हणतो, 'साहेब, काही नाही.' त्याला खड्ड्याच्या रस्त्यावरच नेले पाहिजे, आणि आपण शेजारी बसले पाहिजे.

आता या आवाजावर आजपर्यंत काय काय झाले ते ऐका. आमच्या जिल्ह्यातल्या एका गॅरेजात पुढचे दोन्ही शॉकअप बदलले. जोडीला क्विंटलभर ज्वारीच्या वर पैसे गेले. आवाज तसाच. दुसऱ्या गॅरेजात वरच्या आणि खालच्या आर्मचे सगळे बुश नवे घातले. वीसेक दिवस गाडी गप्प बसली, मग पुन्हा कुई. पुढे एका ठिकाणी गाडी धुताना तिथल्या पोराने खालून सगळीकडे डिझेल आणि जळके ऑइल मारून दिले. चार दिवस आराम, पाचव्या दिवशी आवाज परत, आणि या वेळी दोन जागांहून.

या तिन्ही ठिकाणी काम झाले, पैसे झाले, पण निदान एकाही ठिकाणी झाले नाही. आवाज कुठून येतो हे कुणी पाहिलेच नाही. दुकानदाराला विचारून फवारणी करायची आणि अळी तशीच राहायची, हे आपल्याला नवीन नाही. गुलाबी बोंडअळीसाठी आता आपण कामगंध सापळे लावतो, सापळ्यामागे आठ पतंग सलग तीन दिवस सापडले तर औषधाचा विचार करतो. ज्वारीचा पोंगा वाळला तर आधी तो उपटून पाहतो; सहज निघाला आणि कुजका वास आला तर खोडमाशी. शेतात जी शिस्त आपण २०१७ सालचा मार खाऊन शिकलो, ती गाडीखाली वापरायला कुणी मना केली आहे?

आधी आवाजाची जात ओळखा. रबराचा आवाज कुई-कुई असा, जुन्या पलंगासारखा येतो. ढिल्या किंवा झिजलेल्या लोखंडाचा आवाज खट-खट, टक-टक येतो. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवले आणि करकर झाली तर बॉलजॉइंट किंवा टायरॉडचे टोक संशयित धरा. वेगाबरोबर वाढत जाणारी एकसारखी घरघर ही चाकाच्या बेअरिंगची. ब्रेक दाबल्यावरच किंचाळत असेल तर तो ब्रेकचा विषय आहे, त्यासाठी आर्म उघडू देऊ नका. शॉकअप सहसा कुईकुई करत नाही. तो गेला की तेल गळते आणि गाडी डुलते. बोनेटचा कोपरा जोराने दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन जागेवर बसली पाहिजे. दोन-तीन हेलकावे खाल्ले तर शॉकअप गेला. आमच्या गाडीने एकही जादा हेलकावा घेतला नव्हता, म्हणजे ते बदलण्याचे कारणच नव्हते. त्याच्या वरच्या टोकाचे रबर फुटले असेल तर मात्र आवाज येतो, आणि ते रबर बदलायला अख्खा शॉकअप लागत नाही.

इथे महामार्गालगत एका गॅरेजात एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. आवाज सकाळी जास्त की दुपारी? दोन्ही चाके एकदम गतिरोधकावर चढली की, का एकच चाक खड्ड्यात गेले की? पावसाळ्यात येतो का? शेवटच्या प्रश्नाला आम्ही म्हणालो, 'पावसात मुळीच येत नाही, दिवाळीनंतर सुरू होतो.' त्यावर त्यांनी पोराला पाण्याची बाटली आणायला सांगितली.

हा पाण्याचा उपाय तुम्ही प्रत्येकाने शिकून घ्या, कारण त्याला एक पैसा लागत नाही. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड लावून उभी करायची. जॅक लावायचा नाही, चारही चाके जमिनीवर. दोन माणसांनी पुढचा बंपर दाबून गाडी वरखाली हलवायची. तिसऱ्याने चाक पूर्ण वळवून बाजूने आत हात घालायचा आणि एकेका सांध्यावर बोटे ठेवायची. कुरकुरणारा सांधा बोटांना थरथरतो, कान फसला तरी बोटे फसत नाहीत. बोटे स्प्रिंगच्या वेढ्यांत मात्र घालायची नाहीत, आणि अंग गाडीखाली घ्यायचे नाही. मग बाटलीने एकाच रबरावर थोडे पाणी सोडायचे आणि पुन्हा गाडी हलवायची. आवाज थांबला तर चोर सापडला. नाही थांबला तर पुढचे रबर. एका वेळी एकच, नाहीतर कुणामुळे थांबला ते कळणार नाही. पावसाळ्यात आमची गाडी का गप्प राहत होती हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

आमच्या गाडीत दोन चोर निघाले. पहिला उजव्या बाजूचा जंपिंग रॉडचा बुश, ज्याला त्याच्या आकारावरून डी-बुश म्हणतात. जंपिंग रॉड ही दोन्ही चाकांना जोडणारी आडवी सळई, वळणावर गाडी फार कलू नये म्हणून. एक चाक वर आणि एक खाली गेले की तिला पीळ बसतो. तिच्यावर संशय असेल तर दोन्ही टोकांच्या लिंक सोडून सावकाश शंभर पावले गाडी चालवून पाहावी. आवाज गेला तर दोष तिकडे. तपासून झाले की लिंक पुन्हा बसवायच्या, तशीच गाडी घरी न्यायची नाही. हा बुश स्वस्तातला आहे. डिझेलने तो फुगून लिबलिबीत झाला होता, बोटाने दाबला तर काळे हाताला लागत होते.

दुसरा चोर खालच्या आर्मचा मागचा बुश. हा तर वर्षाच्या आत घातलेला, नवा! मिस्त्रींनी तो काढून आमच्या हातात दिला. बाहेरची लोखंडी वाटी, आतली लोखंडी नळी आणि मध्ये दोन्हींना चिकटवलेले रबर, अशी त्याची बनावट. रबर आतल्या नळीपासून अर्ध्या गोलाईत सुटले होते. माल खराब होता का? आम्हालाही तसेच वाटले. पण मिस्त्री म्हणाले, 'मालाचा दोष नाही, तो कसला कसा ते विचारा.'

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण आपले अर्धे पैसे इथे जातात.

आपल्या वडिलांच्या बैलगाडीला खाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असायचे. आख लोखंडाचा, त्यावर चाक फिरते, लोखंड लोखंडावर घासते, म्हणून वंगण. आवाज आला की वंगण, ही समजूत आपल्या हाडात बसली आहे आणि बैलगाडीपुरती ती खरी आहे. पण हा रबरी बुश फिरत नाही, घासत नाही. आतली नळी बोल्टने आवळून गाडीच्या सांगाड्याला पक्की झालेली, बाहेरची वाटी आर्ममध्ये ठोकून पक्की झालेली. आर्म वरखाली होतो तेव्हा मधले रबर पिळते आणि परत येते. पिळणे हेच त्याचे काम. त्याला वंगणाची गरज नाही, उलट खनिज तेल, डिझेल, साधे ग्रीस रबराला फुगवते आणि सडवते. चार दिवस आवाज थांबतो तो ओलाव्याने, आणि तेवढ्यात आत नासाडी चालू झालेली असते. (कर्जमाफ्यांचे असेच नाही का? १९९०, २००८, २०१७, २०१९, प्रत्येक वेळी चार दिवस आवाज बंद. भावाचा बुश कुणी बदलत नाही. असो, तो विषय दुपारच्या सत्रात आहे.)

आता कसण्याचे. गॅरेजात गाडी जॅकवर उचलतात, चाक खाली लोंबते, आर्मही खाली लोंबतो. त्या लोंबत्या अवस्थेत बुश घालून बोल्ट करकचून आवळले, तर आतली नळी त्या स्थितीत पक्की झाली. गाडी खाली उतरवली की वजनाने आर्म वर जातो, समजा पंधरा-वीस अंशांनी. म्हणजे गाडी नुसती उभी असली तरी रबराला पंधरा-वीस अंशांचा पीळ कायमचा. खड्डा आला की त्यावर आणखी. दोरीला मुळातच जास्त पीळ देऊन ठेवला आणि वर ओझे टांगले तर ती कुठे तुटेल? तेच झाले. रबर नळीपासून सुटले, सुटलेले रबर लोखंडावर घासू लागले आणि कुई सुरू झाली.

मिस्त्रींनी केले ते असे. बोल्टची भोके आणि वाट्यांच्या जागा तारेच्या ब्रशने घासून गंज काढला. नवा बुश साबणाच्या पाण्याने ओला करून दाबून बसवला, तेलाचा थेंब वापरला नाही. बोल्ट घातले, पण हाताने फिरतील इतकेच. चाक लावले, गाडी चारही चाकांवर उतरवली, थोडी पुढेमागे ढकलली, बंपर दोन-चार वेळा दाबून सोडला म्हणजे आर्म आपल्या नेहमीच्या उंचीवर येऊन बसला. आणि मग, वजन चाकांवर असताना, शेवटची आवळणी केली. बस, एवढाच फरक. सगळ्या कामाला फार तर अर्धा तास जास्त लागला. एवढा अर्धा तास वाचवण्यासाठी आपला बुश वर्षभरात मरतो आणि आपण म्हणतो, कंपनी लुटते.

तेव्हा गॅरेजात गेल्यावर गॅरेजवाल्याला एवढेच म्हणा, 'दादा, आर्मचे बोल्ट गाडी खाली उतरवून मग आवळा.' शहाणा असेल तर मान डोलावेल. चिडला तर गाडी दुसरीकडे न्या.

आता ज्यासाठी आम्ही मुद्दाम तुमचा वेळ घेतला ती गोष्ट. आवाज सापडला, काम झाले, आम्ही पैसे काढू लागलो, तर मिस्त्री म्हणाले, 'थांबा, डावे चाक पाहू.' डाव्या बाजूला तर आवाज नव्हता! त्यांनी खालच्या आर्मच्या टोकाखाली, बॉलजॉइंटच्या जवळ, जॅक लावून चाक जमिनीपासून उचलले. ज्या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते तिथे जॅक असाच लावावा लागतो, म्हणजे बॉलजॉइंटवरचा दाब जातो आणि त्याचा खेळ कळतो. सांगाड्याखाली लावला तर स्प्रिंग सांधा दाबून धरते आणि झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो. मग त्यांनी चाक वरून आणि खालून धरून हलवले. चाक हलले. आम्हाला दिसण्याइतके हलले. पोराला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवले. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला असता तर बेअरिंग ढिले असते. खेळ गेला नाही, म्हणजे बॉलजॉइंट. टायरखाली पहार घालून उचलले तर सांधा वरखालीही हलला. रबरी बूट एका बाजूने फाटला होता आणि आत ग्रीसऐवजी काळी रेती होती.

ती रेती आपल्या रानातली. कापसाच्या मुलखातली काळी माती पावसाळ्यात चाकाच्या घरात लिंपून बसते, उन्हाळ्यात तिची पिठासारखी धूळ होते आणि फाटक्या बुटातून सांध्यात शिरते. ग्रीस आणि धूळ मिळून धार लावण्याचा मसालाच तयार होतो. बॉलजॉइंट आधी कुरकुरतो, मग खडखडतो, मग एक दिवस निखळतो. निखळला की चाक बाहेरच्या बाजूला आडवे पडते आणि गाडी त्या कुशीवर बसते. उभ्या गाडीत झाले तर नशीब. ताशी साठच्या वेगात झाले तर काय, ते सांगायला नको. या गाडीत मागच्या महिन्यात आठ बाया आणि दोन लेकरे मोर्चाला गेली होती.

आवाज उजवीकडे होता आणि मरण डावीकडे बसले होते. गाणी मोठ्याने लावून कुरकुर झाकणारे जे ड्रायव्हर आहेत, त्यांनी हे ऐकावे. इथल्या एका ताईंनी सकाळी विचारलेच की तुमच्या गाडीत टेप एवढा मोठा का असतो. उत्तर आता त्यांना मिळाले असेल.

ज्या बॉलजॉइंटला ग्रीसचे निपल आहे त्याला पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रीसगन लावा, जुने ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत, बूट फाटेपर्यंत नाही. ज्याला निपल नाही तो बंद सांधा. त्याचा बूट फाटला आणि खेळ आला की बदलणे हाच उपाय, त्यात सुईने ग्रीस भरण्याचे खेळ करू नयेत. टायरॉडची टोके तपासताना चाक डावी-उजवीकडून धरून हलवावे. सांधे बदलले की चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, नाहीतर टायर आतल्या कडेने खाल्ला जातो आणि वाचवलेले पैसे तिकडे जातात.

जुनी जीप, कमांडर, मार्शल, ज्यांना पुढेही पाटे आहेत, त्यांचे प्रकरण वेगळे आणि सोपे. पाटे एकमेकांवर घासतात, मधे गंज आणि माती बसली की ओरडतात. पाटे सोडवून ब्रशने घासून मधे ग्राफाइटचे ग्रीस लावावे. इथे लोखंड लोखंडावर आहे, म्हणजे वडिलांचा नियम चालतो. शॅकलच्या पिनांना निपल असेल तर ग्रीस द्यावे. सेंटर बोल्ट तुटला असेल तर पाटा सरकतो आणि गाडी एका बाजूला ओढते. यू-बोल्ट काम झाल्यावर दोन-तीनशे किलोमीटरनी पुन्हा आवळावे, हे कुणी करत नाही आणि सगळ्यांनी करावे.

वसईकरांना वेगळे सांगायला हवे. आपल्याकडे धूळ, त्यांच्याकडे खारा वारा. इथे खाडीकाठी मिठागरे आहेत, समुद्र हाकेवर आहे; बोल्ट आणि बुशाची नळी गंजून एकजीव होतात, काढताना बोल्ट तुटतो. बोल्ट घालताना दांड्यावर पातळ ग्रीस फासावे, रबराला न लागू देता, आणि पावसाळ्यानंतर खालून गोड्या पाण्याने गाडी धुवावी. इथल्या बागायतदारांनी आम्हाला काल राजेळीची सुकेळी खायला दिली. तिच्या टोपल्या भरून मुंबईला जाणाऱ्या गाड्यांची खालची बाजू पाहिली, तर गंजाने पापुद्रे सुटलेले होते. केळी वाळवण्यात यांचा हात धरणारा कुणी नाही, गाडी मात्र वाळवू देऊ नये.

जे घरी करायचे नाही तेही सांगतो. गाडीखाली जायचे तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही नाही. खाली घोडी किंवा रुंद लाकडी ओंडका हवाच, विटा नकोत, वीट फुटते. पुढची गोल स्प्रिंग दाबलेली असते, तिच्यात माणूस मारण्याइतका जोर असतो. ती काढायला वेगळे हत्यार लागते, ते नसेल तर तिला हात लावू नका. रबराला काही लावायचेच झाले तर सिलिकॉनचे ग्रीस किंवा फवारा. तोही तपासून झाल्यावर, बदलणे टाळण्यासाठी नव्हे.

आता मूळ प्रश्न, गाडी विकायची का? हिशेब मांडतो. वसईतले काम, म्हणजे एक आर्मचा बुश, दोन डी-बुश, एक बॉलजॉइंट, अलाइनमेंट आणि मजुरी, सगळे मिळून दोन क्विंटल ज्वारीच्या हमीभावाच्या आत बसले. २०२५-२६ च्या हंगामाला संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये होता, त्यावरून तुम्ही ताडा. पावत्या वहीला लावल्या आहेत, कुणीही पाहाव्यात. आणि नवी गाडी समजा दहा लाखांची धरली, तर त्याच हंगामातल्या मध्यम धाग्याच्या ७,७१० रुपये हमीभावाने ती सुमारे १३० क्विंटल कापसाची झाली. एकरी पाच क्विंटल धरले तर २६ एकरांचा सगळा कापूस, बियाण्याचा आणि वेचणीचा खर्च न वजा करता, व्याजही न धरता. आणि हमीभाव तरी हातात कुठे पडतो? ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने कापसाच्या आयातीवरचा ११ टक्के कर माफ केला, मग ती मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, आपला कापूस नेमका घरात येण्याच्या वेळी. अशा भावात कर्जाची गाडी घ्यायची?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गाडी १८ वर्षांची आहे. १५ वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ च्या नियमाने २० वर्षांवरच्या अशा गाडीला १०,००० रुपये ठरले. म्हणजे दोन वर्षांनी तो खर्च आहे, शिवाय तपासणीला गाडी उभी करावी लागेल, आणि तिथे ढिला सांधा चालणार नाही. सांगाडा गंजून भोके पडली असती किंवा इंजिन बसले असते, तर आम्हीच विका म्हणालो असतो. सांगाडा आम्ही हातोडीने ठोकून पाहिला, घट्ट आहे. आमचे मत ठेवा असे आहे. दोन वर्षांनी नोंदणीच्या वेळी पुन्हा याच बैठकीत विषय घ्यावा. निर्णय तुमचा, हात वर करून द्या.

एक सूचना. बाहेरच्या सातही गाड्या परतीच्या प्रवासाला लांब जाणार आहेत. उद्या सकाळी सात वाजता, पहिल्या सत्राच्या आधी, मैदानात प्रत्येक गाडीची दोन्ही पुढची चाके उचलून बॉलजॉइंट पाहू. मिस्त्रींनी यायचे कबूल केले आहे. जॅक आणि पहार आमच्याकडे आहे. ओंडके वसईकर देणार आहेत. प्रत्येक जिल्ह्याने आपला ड्रायव्हर आणि पाण्याने भरलेली एक बाटली पाठवावी. नांदेडकडची गाडी रात्रीच निघणार असे कळले आहे. त्यांनी जेवण झाल्यावर थांबावे, कंदिलाच्या उजेडात का होईना, त्यांची गाडी आधी पाहू.